रेशनचा तांदूळ, तुरीची डाळ आणि आयोडीनचा थेंब

प्लॅस्टिक पाण्यावर तरंगते. तांदूळ पाण्यात बुडतो. तेव्हा रेशनच्या तांदळातला जो दाणा पाण्यावर तरंगला, तो प्लॅस्टिकचा.

तीन वाक्ये, आणि तिन्ही कशी एकामागून एक ठामपणे येतात! अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, असदगड किल्ल्याच्या आसपासच्या गल्ल्यांत तुमच्यापैकी कोणी राहत असेल, तर स्वस्त धान्याच्या दुकानापुढील रांगेत त्याने ती ऐकली असतील. जुन्या शहरात न राहणाऱ्यांनी ती आपापल्या गावी ऐकली असतील. शाळेतल्या खिचडीतून पिवळट, जरा निराळे दिसणारे दाणे निवडून ताटाच्या कडेला ठेवणारी मुलेही तुम्ही पाहिली असतील. घरी तर आई तो तांदूळ निवडून, असले दाणे बाजूला काढून सरळ उकिरड्यावर टाकते.

माझे म्हणणे असे की, ही तीन वाक्ये तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि ती तपासण्याचे काम तुमचे आहे, मोठ्यांचे नव्हे. मोठ्यांना वेळ नसतो. शिवाय आपले मत बदलण्याची सवयही त्यांची मोडलेली असते. तुमच्याकडे वेळ आहे, स्वयंपाकघर आहे, आणि 'असे कशावरून?' हा प्रश्न विचारल्याबद्दल अजून तुम्हाला कोणी उद्धट ठरवलेले नाही. निदान रोज तरी नाही.

पहिले वाक्य घ्या. प्लॅस्टिक तरंगते काय? पाण्याची एक रिकामी बाटली घ्या. तिच्या झाकणाचा एक तुकडा कापा व बाटलीच्या अंगाचा एक तुकडा कापा. दोन्ही तुकडे पाण्यात पूर्ण भिजवून, त्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून, पाण्यात सोडा. झाकण वर येईल आणि बाटली तळाशी जाईल. दोन्ही प्लॅस्टिकच, पण झाकण ज्याचे असते ते पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिन पाण्याहून हलके, तर बाटलीचे प्लॅस्टिक पाण्याच्या जवळजवळ १.४ पट जड. पहिले वाक्य येथेच लंगडे झाले.

आता दुसरे. तांदूळ बुडतो हे खरे, पण सगळा नव्हे. कीड लागलेला, पोकळ झालेला, किंवा पोटात हवा अडकून राहिलेला दाणा तरंगू शकतो. मग तिसऱ्या वाक्याला आधार कसला उरला? तरंगणारा दाणा प्लॅस्टिकचा नसू शकतो, आणि प्लॅस्टिकचा दाणा खुशाल बुडू शकतो. थोडक्यात, ज्या परीक्षेवर लोक निकाल देतात ती परीक्षा हा निकाल देऊच शकत नाही.

मग कोणती परीक्षा देऊ शकेल? तांदूळ हा मुख्यतः पिष्टाचा बनलेला असतो आणि पिष्टावर आयोडीनचा थेंब पडला की गडद निळा-काळा रंग येतो, हे तुम्ही सातवी-आठवीच्या पुस्तकात वाचले आहे. जखमेवर लावायचे टिंक्चर आयोडीन किंवा पोव्हिडोन आयोडीन औषधाच्या दुकानात मिळते. त्याचा एक थेंब चार-पाच थेंब पाण्यात मिसळा. आता तीन पांढऱ्या बशा घ्या. पहिलीत संशयित दाणा कुटून ठेवा. दुसरीत नक्की तांदूळ आहे अशी खात्री असलेला दाणा, म्हणजे शक्य तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या धानातून तुम्ही स्वतः सोललेला. तिसरीत त्या बाटलीच्या झाकणाचा चुरा. तिन्हींवर एकेक थेंब टाका.

पुष्कळजण फक्त पहिली बशी घेतात आणि प्रयोग केला म्हणतात. दुसरी व तिसरी बशी नसेल तर तो प्रयोग नव्हेच. आयोडीनच जुने होऊन निकामी झाले असेल तर? मग खरा तांदूळही निळा होणार नाही, आणि तुम्ही त्यालाही प्लॅस्टिक ठरवाल. उलट, तिसऱ्या बशीला पीठ लागलेले असेल तर झाकणही निळे दिसेल. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा दोन वस्तू शेजारी ठेवल्याशिवाय तिसरीविषयी बोलू नये. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींत नेमकी हीच गोष्ट नसते. भाताचा गोळा करून जमिनीवर आपटतात, तो उसळतो आणि गर्दी चकित होते. अरे, पण घरच्या चिन्नोर तांदळाचाही गोळा करून आपटून पाहिला काय? शिजलेले पिष्ट चिकट व लवचीक असते. घट्ट दाबलेला गोळा थोडाफार उसळणारच. दाणा पेटवून दाखवतात, तो जळतो. भाकरही तव्यावर राहिली तर जळते! (प्लॅस्टिक जाळून तुलना मात्र करू नका, तो धूर छातीत जाण्याजोगा नाही. दाणा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी बोटांनी चिरडून पाहा. तांदळाचा असेल तर त्याचा लगदा होतो. तेवढे पुरे.)

आता हा निराळा दिसणारा दाणा आहे तरी काय, हे सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ रोजी सरकारी योजनांतून पोषणमूल्ये वाढवलेला तांदूळ देण्याची घोषणा झाली आणि मार्च २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने रेशनच्या व शालेय पोषण आहाराच्या तांदळात तो आला. तो करण्याची रीत तुमच्या घरातल्या सोऱ्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. तांदळाचे पीठ घेतात, त्यात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळतात, पाणी व उष्णता देऊन त्याची उकड करतात आणि यंत्रातून दाबून, शेवेसारखी बाहेर पडताच तांदळाएवढे तुकडे पाडून वाळवतात. म्हणजे हा पिठापासून पुन्हा घडवलेला दाणा. म्हणून तो जरा पिवळट, जरा अपारदर्शक दिसतो. घडण निराळी असल्यामुळे त्यातले काही दाणे पाण्यावर तरंगतात, आणि भिजले की साध्या दाण्याआधी मऊ पडतात. तो मिसळण्याचे प्रमाण शंभराला एक, म्हणजे किलोला दहा ग्रॅम.

हे प्रमाण ऐकून विश्वास ठेवू नका; मोजा. हजार दाणे मोजायला दोघांना पाऊण तास लागतो. त्यातले निराळे दाणे वेगळे काढा व आकडा वहीत लिहा. दहाच्या आसपास आला तर विचार करा : भेसळ करणारा माणूस शंभरात एक दाणा मिसळून कमावणार काय? आणि प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाचा घाऊक भाव एखाद्या कारखान्यात विचारून या. जो तांदूळ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा योजनेच्या कुटुंबांना मोफत मिळू लागला, त्यात कोणी पदरचे पैसे घालून प्लॅस्टिक का मिसळील? व्यापारशास्त्र हीदेखील एक चाळणी आहे. विज्ञानाच्या माणसाने ती वापरायला हरकत नाही.

वास्तविक ही आवई त्या दाण्याहूनही जुनी. जून २०१७ मध्ये तेलंगण-आंध्राकडे प्लॅस्टिक तांदळाची मोठी ओरड झाली होती. तेव्हा आपल्याकडे रेशनमध्ये असा दाणा आलेलाही नव्हता. आवई आधी तयार होती, तिला बसवायला दाणा नंतर मिळाला, इतकेच.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या दाण्याने रक्तक्षय खरोखर कमी होतो का, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत व १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा काहीतरी करायला हवे, यावर वाद नाही. तांदळात लोह घालणे हाच उपाय का, यावर आहे. कित्येक जाणकार म्हणतात, त्याऐवजी ताटात डाळ, पालेभाजी, अंडे वाढवा. हा वाद चांगला आहे. मोठेपणी तुम्ही त्यात पडा. पण 'हे प्लॅस्टिक आहे' असे ओरडून तो वाद घालता येत नाही. खोट्या वादाचे धूळ उडवण्यापलीकडे काही काम नसते, आणि त्या धुळीत खरा वाद दिसेनासा होतो.

म्हणून रांगेतल्या बायामाणसांना हसायचे काय? मुळीच नाही. शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यातली गोष्ट घ्या. २०२४ सरताना आणि २०२५ उजाडताना शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत मुठी-मुठीने गळू लागले. कोणी म्हणाले, शाम्पूमुळे. कोणी म्हणाले, पाण्यामुळे. आणि तो भाग खारपाण पट्ट्याचा, तेव्हा पाण्यावर आळ येणे साहजिकच होते. पुढे विंचूदंशावरील कामासाठी ख्यात असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तेथील लोकांचे व धान्याचे नमुने तपासून घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. तेव्हा रेशनच्या धान्यावर शंका घेणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. शंका घ्यावीच, मात्र ती तपासण्याची रीत त्या शंकेला साजेशी हवी. सेलेनियम ना तरंगते, ना आयोडीनने निळे होते. ते मोजायला मोठी उपकरणे लागतात. तुमची बशी व वाटी तेथे थिटी पडते, आणि कोठे थिटी पडते हे कळणे हाही विज्ञानाचाच भाग आहे.

आणखी एक फसवा प्रयोग आहे. त्याचे नाव 'मी खाल्ले, मला काही झाले नाही'. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ पिकते. ती महिनोन्‌महिने, दुसरे काही खायला नाही म्हणून केवळ तीच खावी लागली, तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो. तिच्यातले घातक द्रव्य १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे करून दाखवले. पण ही डाळ एक दिवस खाऊन कोणी ठणठणीत राहिला तर त्याने काय सिद्ध झाले? काहीच नाही. त्याच न्यायाने, दूध व मासे एकत्र खाल्ले की अंगावर कोड उठते, हा समज तुम्ही एक दिवस दोन्ही खाऊन खोडू शकत नाही. तो खोडला जातो तो असे जेवण पिढ्यान्‌पिढ्या जेवणाऱ्या लोकांकडे पाहून. माशांच्या रश्शात दूध किंवा दही घालणारे देशात व देशाबाहेर पुष्कळ आहेत, आणि ते काही कोडाने ग्रासलेले नाहीत.

आता आंबटाकडे वळू, कारण तिथे आपल्या पाठ्यपुस्तकी मुलांचीच फसगत होते. 'आंबट फळांत क जीवनसत्त्व असते' हे वाक्य आपण इतक्यांदा घोकतो की पुढे 'जितके आंबट तितके क जीवनसत्त्व' असे ते नकळत होऊन बसते. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांचा आपल्याला अभिमान. पण संत्रे गोड निघाले की त्यात 'दम नाही' असे म्हणणारेही आपणच.

याची परीक्षा तर फार सुंदर होते. भाताची पेज पूर्ण थंड करा (गरम असेल तर निळा रंग टिकत नाही, हेही एकदा मुद्दाम पाहून ठेवा). चमचाभर पेज पेलाभर पाण्यात घालून त्यात आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळे पाणी तयार झाले. ते चार पांढऱ्या कपांत सारखे वाटून घ्या. आता पेरू, संत्रे, लिंबू आणि चिंच, प्रत्येकाचा दहा-दहा ग्रॅम गर पन्नास मिलिलिटर पाण्यात कुस्करून फडक्याने गाळा. एकाच ड्रॉपरने, दर वेळी तो धुऊन, एकेका कपात एकेक रस थेंबाथेंबाने टाकत जा व निळा रंग नाहीसा व्हायला किती थेंब लागले ते मोजा. क जीवनसत्त्व आयोडीनचे आयोडाइड करून टाकते आणि आयोडाइड पिष्टाला निळे करीत नाही. तेव्हा जितके कमी थेंब, तितके जीवनसत्त्व अधिक.

पेरूला किती कमी थेंब पुरतात ते पाहून तुम्ही थक्क व्हाल, आणि चिंचेचे थेंब मोजता मोजता कंटाळाल. पेरूच्या शंभर ग्रॅम गरात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, संत्र्यात साधारण तीस ते पन्नास, आणि दातांना कळ आणणाऱ्या चिंचेत जेमतेम तीन-चार. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. लिंबाचा सायट्रिक आम्लाचा. आंबटपणा ही एक गोष्ट, जीवनसत्त्व ही दुसरी. चिंचेच्या पाण्याचा तपकिरी रंग मधे येतो, आणि आयोडीनला विरघळवणारी इतर द्रव्येही फळांत थोडीफार असतात. म्हणून हे थेंब म्हणजे तंतोतंत माप नव्हे, अंदाज आहे. पण पेरू आणि चिंच यांच्यातला फरक एवढा मोठा की अंदाजालाही तो चुकत नाही.

गंमत अशी की, चिंचेची हीच परीक्षा समुद्रावर एकदा माणसांवर झालेली आहे. मे १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' या इंग्रजी युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाच्या शल्यवैद्याने स्कर्व्हीने आजारी झालेले बारा खलाशी निवडले. आजार शक्य तितका सारखा, राहण्याची जागा तीच, रोजचे जेवण तेच. त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची साइडर दिली, दुसरीला सल्फ्युरिक आम्लाचे थेंब, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला रोज दोन संत्री व एक लिंबू, आणि सहावीला लसूण-मोहरी वगैरेंची वडी व वर चिंच घालून आंबट केलेले जवाचे पाणी! त्या काळी वैद्यांची समजूत होती की आंबट पदार्थ स्कर्व्ही बरी करतात. आंबटच गुणकारी असते तर आम्ल, व्हिनेगर व चिंच घेणारेही उठून बसायला हवे होते. आठवड्याभरात उठला तो संत्रे-लिंबू खाणारा. त्यापाठोपाठ थोडा उतार साइडर पिणाऱ्यांना पडला. बाकीचे होते तसेच.

एवढा स्वच्छ निकाल. पण इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला आरंभ केला तो १७९५ साली! स्वतः लिंडलाही आपल्या हाती काय लागले ते पुरते उमगले नव्हते. आणि लिंबू-संत्र्यांत नेमके काय असते ते ओळखायला १९३२ साल उजाडले. प्रयोग एक आठवड्यात होतो, तो डोक्यात शिरायला कधी कधी दोन पिढ्या जातात. म्हणून घरी कोणी तुमचे लगेच ऐकले नाही तर चिडू नका.

हळदीविषयी दोनच वाक्ये. हळदीचा डाग साबणाने लाल झाला म्हणजे तिच्यात रंग मिसळलेला होता, असे म्हणतात. बाजारातून अख्खे हळकुंड आणा, स्वतः कुटा आणि साबणाचे पाणी टाका, तेही लालच होईल. आम्लारी लागली की हळद लाल होते, तो तिचा स्वभावच. हळद आणि चुना यांतून कुंकू करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता थोडे गुरुजनांशी बोलतो. विद्यार्थ्यांनी हा परिच्छेद वाचला तरी चालेल. विज्ञान प्रदर्शनांत मी पुष्कळ हिंडलो आहे. थर्माकोलचे ज्वालामुखी, रंगीत तक्ते, तोंडपाठ भाषणे. 'अंधश्रद्धा दूर करा' अशी पाटी लावलेले टेबलही असते. पण त्या टेबलावर जे चालते ते बहुधा जादूचे प्रयोग असतात, विज्ञानाचे नव्हेत. कारण निकाल काय येणार हे दाखवणाऱ्याला आधीच ठाऊक असते व विरुद्ध निकाल येण्याची सोयच ठेवलेली नसते. जो प्रयोग आपल्याला खोटे पाडूच शकत नाही, त्याच्याकडून काय शिकायचे? माझी एकच मागणी आहे. ज्या विद्यार्थ्याच्या वहीत 'मला वाटले होते असे, पण झाले तसे' अशी नोंद सापडेल, त्याला दोन गुण अधिक द्या. तक्ता थोडा वाकडा असला तरी द्या.

आणि विद्यार्थ्यांनो, समज तपासणे म्हणजे आजीला हरवणे, अशी कल्पना करून घेऊ नका. घरात दोन सल्ले तुम्ही ऐकता. "पोरा, मीठ आंधी टाकू नोको, डाय शिजत नाई" हा एक. आणि "चिंच टाकाची तं वरन शिजल्यावर टाक" हा दुसरा. दोन्ही एकाच तोंडातून, सारख्याच ठामपणे येतात. दोन्ही खरे, दोन्ही खोटे, की एक खरा व एक खोटा? पुस्तक उघडण्याआधी डाळ शिजवून पाहू.

एकाच पुडीतली तूरडाळ घ्या, कारण जुनी डाळ नव्या डाळीपेक्षा उशिरा शिजते. घरातल्या मोठ्या कुकरात चार सारख्या स्टीलच्या वाट्या ठेवता येतात. हे फार सोयीचे. चौघींनाही आच तीच आणि वेळही तोच. प्रत्येकीत तीन चमचे डाळ व नऊ चमचे नळाचे पाणी. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत पाव चमचा मीठ. तिसरीत चमचाभर चिंचेचा कोळ. चौथीत चिमूटभर खायचा सोडा. कुकर कोणातरी मोठ्या माणसाने लावावा. एक शिट्टी झाली की आच बंद करा आणि वाफ आपोआप उतरू द्या. तीन-चार शिट्ट्या केल्यात तर चारही वाट्यांत पिठले होईल व फरक कळणार नाही.

आता वाट्यांच्या बुडाला क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावा आणि ज्याला कोणती वाटी कशाची हे ठाऊक नाही अशा मित्राला बोलवा. प्रत्येक वाटीतले वीस दाणे त्याने धुऊन, चमच्याच्या पाठीने दाबावेत आणि किती सहज चिरडले ते सांगावे. हे काम तुम्ही करू नका. मिठाची वाटी ठाऊक असली की बोट नकळत हलके दाबते, आणि लबाडी करण्याचा आपला मुळीच विचार नसतानाही आकडा आपल्या बाजूने झुकतो.

यामागचे कारण आता सांगायला हरकत नाही. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात, आणि कॅल्शियम त्या चिकटपणाला पक्की गाठ मारते. डाळ शिजते म्हणजे ही गाठ सुटते. आम्ल ती सुटू देत नाही. म्हणून चिंच मागाहून घालावी हा आजीचा सल्ला अगदी बिनतोड आहे. सोडा ती चटकन सोडवतो. मात्र सोड्याने डाळीतले ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून ती सवय चांगली नव्हे. आणि मीठ? मिठातले सोडियम कॅल्शियमची जागा बळकावू पाहते, त्यामुळे चवीपुरत्या मिठाने डाळ अडून बसण्याचे कारण दिसत नाही. मीठ फारच वाढवले तर डाळ पाणी हळू शोषते, हे मात्र ध्यानात असू द्या. कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल, मिठाने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. वाढतो खरा, पण लिटरभर पाण्यात चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम मीठ घातले तर तो वाढतो एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी. एवढ्याने डाळीला काय कळणार?

मग मिठाची समजूत आली कोठून? येथे आपला अकोल्याचा मुलूख उपयोगी पडतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचे, हापशीचे पाणी खारे. अशा पाण्यात डाळ शिजत नाही असा अनुभव कोणाला आला असेल तर 'खारे पाणी, म्हणून डाळ शिजेना. मीठही खारे, तेव्हा मिठानेही शिजणार नाही' असा तर्क होणे सोपे आहे. पण खारेपणा आणि जडपणा या दोन निराळ्या गोष्टी. पाणी खारे होते ते प्रामुख्याने सोडियमच्या क्षारांनी. जड होते ते कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी. जिभेला खारेपणा कळतो, जडपणा कळत नाही. तो साबणाला कळतो. बाटलीत पाणी व साबणाचे थोडे तुकडे घालून हलवा. फेस न येता पांढरट साका धरला तर पाणी जड.

म्हणून प्रयोगाची दुसरी फेरी महत्त्वाची. अकोला शहराला नळाचे पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते. एका वाटीत ते घ्या, एका वाटीत जवळच्या बोअरिंगचे किंवा हापशीचे, आणि एका वाटीत पूर्णाकाठच्या एखाद्या गावाहून मागवलेले. श्रावणात राजराजेश्वराला कावड घेऊन येणारी मंडळी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी आणतात. त्या गावी तुमचे कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्या विहिरीचे पाणी बाटलीभर मागवायला काय हरकत आहे? प्रत्येक पाण्याची साबणाने परीक्षा करा, एकेक थेंब स्वच्छ काचेवर वाळवून मागे किती पांढरा डाग राहतो ते पाहा, आणि मग डाळ लावा.

दोन गावच्या दोन विद्यार्थ्यांची उत्तरे जुळणार नाहीत असे मला वाटते. एकाची विहीर खारी पण जड नसेल, त्याची डाळ मुकाट्याने शिजेल. दुसऱ्याची जड असेल, त्याची हटून बसेल. दोघेही खरेच बोलत असतील. म्हणून वहीत नुसते 'बोअरिंगचे पाणी' असे लिहू नका. कोणत्या गावचे, कोणत्या गल्लीतले, किती खोल, कोणत्या महिन्यात भरले, तेही लिहा. पावसाळ्यानंतर हेच पाणी बदललेले असू शकते.

आयोडीन लागलेले पदार्थ टाकून द्या व हात धुवा. डाळीच्या वाट्या मात्र फेकू नका. दाणे मोजून झाले की चारही एका पातेल्यात ओता, आणखी दोन शिट्ट्या करा आणि लसणाची फोडणी द्या. चिंच आत आधीच आहे.